गाण्याआधीचा आवाज

गिरजाबाईंनी स्पीकरच्या जाळीला कान टेकवला आणि हातानंच खूण केली, गाणं बंद कर.

चंदननं गाणं बंद केलं.

"आता आवाज वाढव."

"मावशी, गानं त बंद आहे. वाढवू काय?"

"जे आहे ते वाढव."

चंदननं काउंटरवरच्या काळ्या अ‍ॅम्प्लिफायरचं, म्हणजे अ‍ॅम्पचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं. अ‍ॅम्प कसला, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा. गिरजाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. बाहेर एक ऑटोवाला कॅम्प वस्तीची सवारी हाकारत होता, पलीकडच्या दुकानात कोणीतरी शटर ओढलं. स्पीकरमधून मात्र काही म्हणजे काही आलं नाही. त्यांनी कान काढला, पदरानं जाळी पुसली.

"हा बी नाही."

हा तिसरा होता. चंदननं तो पुन्हा खोक्यात घातला. चाळिशीतला हा दुकानदार कोणाही गिऱ्हाइकाला दोन अ‍ॅम्पमध्ये पटवत असे, आणि या मावशींना तर कालपर्यंत अ‍ॅम्प आणि इस्त्री यांतला फरक विचारला असता तरी त्या हसल्या असत्या. पण आज त्या घरून स्वतःचा स्पीकर घेऊन आल्या होत्या. जुन्या लुगड्यात गुंडाळून, ऑटोत मांडीवर बसवून. दोनांपैकी एकच आणला, कारण दोन्ही नेले तर घर अगदीच रिकामं दिसेल असं त्यांना वाटलं. पर्समध्ये मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये पुण्याहून मुलीनं, दीक्षानं, पाठवलेला मेसेज होता. दोन चॅनल, ब्लूटूथ, छोटा, दोन हजारांच्या आत. चंदननं तो मेसेज वाचून एका मिनिटात तीन अ‍ॅम्प काढून ठेवले होते. तिन्ही मेसेजबरहुकूम होते, आणि तिन्ही नापास झाले.

"मावशी, सच सांगा, यात खराबी काय दिसून राहिली तुमाले?" तो म्हणाला. "आवाज क्लिअर आहे, बास आहे. आनखी हमिंग नाम की चीज नाही. एकदम साइलेंट."

"हमिंग म्हंजे?"

"पुराने अ‍ॅम्पमध्ये नसते का, गानं लावाच्या आधी, घूं-घूं? ते."

गिरजाबाईंनी लुगड्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"तेच पायजे मले," त्या म्हणाल्या.

चंदन हसला. त्या हसल्या नाहीत, तेव्हा त्याला हसू कुठे ठेवावं ते कळेना.

"लोक माह्याकडे हमिंग काढाले येतात, मावशी. घालून दे म्हननाऱ्या तुमीच पहिल्या."

"तुह्या काकाच्या अ‍ॅम्पले होती."

काका म्हणजे कवडूजी, गिरजाबाईंचे यजमान. चंदनचे वडील देवीदास हे दुकान चालवत होते तेव्हा कवडूजी दर पगाराला एकेक पार्ट घेऊन जात. एकदा ट्रान्सफॉर्मर, एकदा बोर्ड, एकदा बटणं. असं करत करत त्यांनी प्लायवूडच्या पेटीत आपला अ‍ॅम्प स्वतःच जोडला होता. तो चौतीस वर्षं चालला. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधली पहिली पाळी करून कवडूजी अडीचला घरी येत, आणि चप्पल काढायच्या आधी बटण दाबत. कॅसेट नंतर लागायची. बरेचदा लागायचीच नाही, कारण तोवर ते खाटेवर आडवे होऊन घोरायला लागलेले असत. पण स्पीकरमधून घूं असा बारीक आवाज सुरू झालेला असे, आणि आत पाठमोऱ्या बसून भाजी चिरणाऱ्या गिरजाबाईंना वळून बघावं लागत नसे. शाळेतून येणारी दीक्षा दारातूनच ओरडायची, बाबा आले! तेही आवाज ऐकूनच. कवडूजी होते तोवर गिरजाबाई त्या आवाजाच्या नावानं बोटं मोडत आल्या होत्या. काय भुंगा पाळला हो तुमी घरात, असं त्या म्हणायच्या, आणि कवडूजी झोपेतच हुं म्हणायचे.

कवडूजी गेले त्याला दोन वर्षं झाली. पाहुणे पांगले, दीक्षाही पुण्याला परतली, आणि त्या पहिल्याच दुपारी अडीच वाजता घर खायला उठलं. ताट वाढलेलं होतं आणि घास तोंडात फिरत होता. तेव्हा गिरजाबाई उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं. घूं. मग त्या जेवल्या. त्या दिवसापासून रोज अडीचला बटण दाबायचं ते दिवेलागणीला बंद करायचं, असा त्यांचा नेम झाला. त्यावर गाणं लावायचं त्यांना कधी सुचलं नाही. त्यांना गाणं नकोच होतं.

एप्रिलच्या एका दुपारी, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं असताना, घरात जळक्या वार्निशचा वास पसरला आणि घूं थांबलं. आपणच रोज चालू ठेवून ठेवून तो जाळला, हे गिरजाबाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. दीक्षाला त्या इतकंच म्हणाल्या, अ‍ॅम्प बिघडला. आणि मग महिनाभर त्या ताट घेऊन शेजारच्या अंजनाबाईंच्या ओट्यावर जाऊन जेवत होत्या. अंजनाबाई काही बोलत नव्हत्या, पण त्यांची सून बोलत होती. शेवटी दीक्षाच म्हणाली, आई, तिथं एकटी कायले राहतेस, घराले कुलूप लाव आणि इकडं ये. गिरजाबाईंना कुलूप लावायचं नव्हतं. पण त्या घरात एकट्यानं एक घास उतरत नव्हता, हेही खरं होतं. म्हणून काल त्या फोनवर म्हणाल्या होत्या, उद्या सांगतो.

यातलं चंदनला त्यांनी फार थोडं सांगितलं. जेवढं सांगितलं तेवढं पुरलं. त्यानं हातातला फडका बाजूला ठेवला.

"तोच रिपेअर नाही होत का?" गिरजाबाईंनी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर जळला म्हंजे रिवाइंडिंग लागते, आतली तार पुन्हा गुंडाळा लागते. तिकडं जामुल गावाले एक जन करे. त्यानं धंदाच सोडला. अब नवीन सगळे असेच, मावशी. ट्रान्सफॉर्मरच नसते आत."

"मंग आवाज बी नाही."

"आवाज बी नाही," चंदन म्हणाला, आणि खालचा खण उघडत म्हणाला, "थांबा."

जी गोष्ट काढायला तो वडिलांच्या हाताखाली दहा वर्षं शिकला होता, ती घालायच्या मागे तो आता लागला. त्यानं एक जुना अडॅप्टर लावून पाहिला. एक तुटकी वायर जोडून पाहिली. ट्यूबलाइटचा जुना चोक अ‍ॅम्पशेजारी आणून ठेवला. स्पीकर कधी कुरकुरला, कधी फटफटला. एकदा तर त्यात कुठल्यातरी स्टेशनवरची बाई चार शब्द बोलून गेली. गिरजाबाई दर वेळी कान लावत होत्या आणि दर वेळी मान हलवत होत्या.

"हे खरखर आहे, बापू. ते घूं होतं." त्यांना आणखी नीट सांगायचं होतं, पण लाज वाटत होती. मग त्यांनी सांगूनच टाकलं. "घरात मानूस असल्यासारखं वाटे."

चंदननं घाम पुसला. मागच्या फळीवरून त्यानं चौथा अ‍ॅम्प काढला, सगळ्यांत साधा. ब्लूटूथ नाही, रिमोट नाही, एक बटण आणि एक निळा दिवा. त्याला स्पीकर जोडला, मोबाइल लावायची वायर खोचली, आणि वायर चालू आहे की नाही हे बघायला सवयीनं तिच्या मोकळ्या पिनला अंगठा लावला.

घूंऽऽ.

गिरजाबाईंचा हात काउंटरच्या कडेवर घट्ट झाला.

"हे काय केलं तू?"

"काही नाही. लाइन पाहिली. बोट लावलं का येते."

"येते कुठून?"

"अंगातून." चंदननं पुन्हा अंगठा लावून दाखवला, पुन्हा काढला. "घरात चारी बाजूनं लाइटच्या वायरी असतात न, त्यायची घूं-घूं आपलं अंग पकडते. ज्यानं पिन धरली त्याच्या अंगातून येते."

"करंट लागते का?"

"नाही, नाही. काहीच होत नाही. पन सोडलं का बंद. ते काही कामाचं नाही, मावशी."

गिरजाबाई त्या पिनकडे बघत राहिल्या. करंगळीच्या नखाएवढी ती वस्तू होती.

"हा दे," त्या म्हणाल्या.

"यात ब्लूटूथ नाही. दीक्षानं त लिहून—"

"दीक्षा पुन्याले आहे," गिरजाबाई म्हणाल्या आणि स्पीकर लुगड्यात गुंडाळू लागल्या.

चंदननं एका कागदावर कोणती वायर कुठे ते काढून दिलं. बटण कुठवर फिरवायचं त्या जागी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका केला, आणि ऑटोपर्यंत स्पीकर स्वतः उचलून आणला. नेहमी तो असं करत नसे.

घरी आल्यावर त्यांनी जळालेली प्लायवूडची पेटी हलवली नाही. नवा अ‍ॅम्प तिच्याच डोक्यावर ठेवला. कागद बघून बघून वायरी जोडल्या, लाल ती लालमध्ये, काळी ती काळीमध्ये. एक उलटी लागली, ती पुन्हा काढून सरळ केली. तोवर अडीच वाजत आले होते. वरणभात आणि वांग्याची भाजी असं ताट वाढून त्या अ‍ॅम्पशेजारी खाली बसल्या आणि बटण ठिपक्यापर्यंत फिरवलं.

निळा दिवा लागला. बाकी काही नाही. घर होतं तसंच गप्प होतं.

मग त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत पिन धरली.

घूं आलं. पण ते जरा बारीक होतं, जुन्याइतकं भरलेलं नव्हतं. पहिल्यांदा गिरजाबाईंना रागच आला. चंदनचा, अ‍ॅम्पचा, आणि इतकी वर्षं नीट न ऐकता बोटं मोडणाऱ्या स्वतःचाही. हा आवाज कवडूजींचा नव्हता. त्यांचा आवाज एप्रिलमध्येच गेला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं घालवला होता. आता तार धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कोणी पाहिलं तर काय म्हणेल, असंही मनात आलं. त्यांनी पिन सोडली.

सगळं एकदम बंद झालं. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. समोरच्या खिळ्याला कवडूजींचा जेवणाचा डबा ज्या पिशवीत असे ती पिशवी अजून लटकत होती. अंजनाबाईंच्या ओट्यावर कोणीतरी भांडी घासायला घेतली होती. उठून ताट तिकडे न्यावं का, असं गिरजाबाईंच्या मनात आलंही. त्या अर्ध्या उठल्या. मग पुन्हा बसल्या आणि पिन पुन्हा धरली, या वेळी जरा घट्ट. आवाजही जरा भरल्यासारखा झाला. उजव्या हातानं त्यांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. तो खाली उतरला. मग दुसरा.

तिसऱ्या घासाला फोन वाजला. एक हात खरकटा आणि दुसऱ्यात पिन, म्हणून त्यांनी उजव्या हाताच्या करंगळीच्या पेरानं फोन घेतला आणि फोनच्याच स्पीकरवर टाकला.

"आई, काय ठरवलं तू?" दीक्षा घाईत होती. "मी अ‍ॅप उघडूनच बसली आहे. संडेची सीट आहे. काढू का तिकीट?"

"नको काढू."

"कावून? काल त तूच म्हनत होती का घरात जेवन जात नाही म्हून. तबियत ठीक आहे न? देख आई, हट्ट नको करू, मी इथं—"

दीक्षा बोलता बोलता थांबली. गिरजाबाईंना वाटलं फोन कटला.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "बाबाचा अ‍ॅम्प बनला का?"

"नाही वं. तो जळला. माह्याच हातून जळला."

पुण्यात तिच्या मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. इकडे घूं चालूच होतं, आणि ते तिला तिकडे ऐकू जात होतं.

"मग घरी कोन आहे?" तिनं विचारलं.

गिरजाबाईंनी डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याचं टोक दाबून दाबून पांढरं झालं होतं.

"मी आहो," त्या म्हणाल्या. "जेवून राहिली."