ब्रिटाच्या गाडीची काच

मी एक जुनी खरवडणी आहे. हसलात ना? हसा. दिसायला मी उलथन्याची थोरली बहीण. पण आमच्या मोंटानातल्या गावात हिवाळाभर गाड्यांच्या काचांवर बर्फ धरतो, आणि तो खरवडल्याशिवाय कुणाची गाडी जागची हलत नाही. लायल हॅल्व्हर्सननं मला दाराच्या पितळी पट्टीतून कापलं आणि कुऱ्हाडीच्या मोडक्या दांड्याची मूठ बसवली. पितळानं काचेवर चरे पडत नाहीत, एवढाच माझा गुण. माया-बिया मला फारशी नाही.

लायल रस्त्यावरचा बर्फ सारायचं यंत्र चालवायचा. थंडीनं त्याचे गुडघे कामातून जायला लागले, तेव्हा तो घरात म्हणाला, "चला, ॲरिझोनाला जाऊ. तिकडे ऊन आहे."

त्याची सोळा वर्षांची लेक ब्रिटा, आई नसलेली, बापासारखीच हट्टी. ती म्हणाली, "तुम्ही जा उन्हात. तुमच्या नोकऱ्यांपायी पाच शाळा बदलल्या, बाबा. आता सहावी नाही!"

बापलेकीची अशी जुंपली की ती पेंडीच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. पहाटे गाडीनं एका गोठ्यावर मजुरीनं धारा काढायला जायची, मग शाळेत. आणि तिनं कोर्टात अर्ज टाकला, की मला वडिलांच्या ताब्यातून मोकळं करा. मित्रांनो, आमच्याकडे तसा कायदा आहे. पण पोर कुणाच्याही आधाराशिवाय जगते, हे न्यायाधीशांना पटावं लागतं. नाही पटलं, तर मुकाट्यानं बापामागे ॲरिझोना.

"कोर्टातच बघतो तिला!" लायल गरजला.

आणि दुसऱ्या दिवशी अंधारातच, ती उठायच्या आधी, त्यानं यंत्र पेंडीच्या दुकानासमोर थांबवलं, खिशातून मला काढलं आणि ब्रिटाच्या गाडीची काच लख्ख केली. मग रोजच. यंत्राची घरघर गावाच्या सवयीची, त्यामुळे तिला जाग येत नसे.

दुकानाची मालकीण टॉफ्टबाई खिडकीतून म्हणायची, "कोर्टात भांडतोस आणि इथे काच पुसतोस? डोकं ठिकाणावर आहे ना, लायल?"

"हळू बोल, बाई. ती उठेल."

अख्ख्या गावाला ठाऊक झालं. फक्त ब्रिटाला नाही.

सुनावणीच्या दिवशी मी लायलच्या कोटाच्या खिशात होते. न्यायाधीशबाई गावातल्याच. त्यांनी विचारलं, "ब्रिटा, एवढ्या गारठ्यात तू गोठ्यावर एकदाही उशिरा गेली नाहीस. कसं काय?"

"माझी गाडी दुकानाच्या भिंतीला लागून असते," ती ताठ मानेनं म्हणाली. "तिथे काचेवर बर्फ धरतच नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. टॉफ्टबाईनं रुमाल तोंडाला लावला. जानेवारीत बर्फ धरत नाही अशी भिंत आमच्या जिल्ह्यात अजून कुणी बांधलेली नाही.

न्यायाधीशबाईंनी लायलकडे पाहिलं. "तुम्ही शपथेवर आहात. हिला कुणाची मदत असते का?"

आता त्याच्या एका वाक्यावर सगळं होतं. खरं सांगितलं असतं तर खटला तिथेच आडवा, आणि लेक त्याच्याबरोबर. हेच तर त्याला हवं होतं. खिशात त्याची मूठ माझ्यावर आवळली.

"हिनं कुणाकडे मदत मागितलेली नाही, बाई," तो म्हणाला. "आणि ही गोठ्यावर वेळेवर जाते ती रोज तासभर आधी उठून; पाच मिनिटांच्या कामानं हिचं अडणार नाही. हिचा दिवा लागलेला मी रोज यंत्रावरून बघतो. एकटी निभावेल ती."

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतं," आणि सही केली.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला तिच्या हातात दिलं.

"ही कशाला? मला लागत नाही."

"लागेल, पोरी. त्या भिंतीचा काही भरवसा नाही."

ब्रिटानं माझं झिजलेलं पातं पाहिलं. मग त्याच्या बोटांवरचे हिमदंशाचे डाग पाहिले. "बाबा," एवढंच म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. तोही रडला. पण आठवड्याभरात तो ॲरिझोनाला गेला, आणि ती राहिली. हुकूम तसाच होता.

मित्रांनो, मला कोरडी ठेवा, पात्यावर हातोडा मारू नका, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्या गाडीची काच रोज सकाळी आयती स्वच्छ असेल, तर एकदा तरी लवकर उठून खिडकीतून खाली बघा.