व्हर्ना सॉरी म्हणाली होती

लाकूड गिरणीचा ट्रक स्टॉपची पाटी न जुमानता चौकात घुसला आणि व्हर्ना टॅकेटच्या गाडीवर आदळला. व्हर्नाचं मनगट मोडलं. तरी ती दार ढकलून बाहेर पडली, कारण ट्रक चालवणाऱ्या कोडीच्या कपाळातून भळाभळा रक्त वाहत होतं. धड हाताने तिने आपला स्कार्फ त्याच्या जखमेवर दाबला. तो कळवळला की ती म्हणे, "सॉरी रे पोरा. जरा सोस."

थोड्याच दिवसांत गिरणीच्या विमा कंपनीचे प्रुइटसाहेब तिच्या घरी आले. मी तिची शेजारीण, तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. साहेबांनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला.

"बाई, तुम्ही जागेवरच माफी मागितलीत म्हणे. म्हणजे चूक तुमचीच. तरी दवाखान्याचं थोडंफार आम्ही बघू. दोन शब्द बोला आणि इथे सही करा."

"तो रेकॉर्डर उचला."

"अहो, नुसती विचारपूस आहे."

"असली विचारपूस माझ्या वकिलाकडे करा."

"कोण वकील?"

"उद्या कळेल."

साहेब गेल्यावर तिचा नवरा डेलमार चाचरत म्हणाला, "वकील कधी केलास तू?"

"अजून कुठे? चल, गाडी काढ!"

"अगं, माझा भाऊ त्या गिरणीत आहे. अर्धं गाव आहे. मिटवून टाक ना."

"मोडलं माझं मनगट, आणि मिटवायचं मीच?"

वकीलबाई इमोजीन हॅचरनी तिला बजावलं, कुणाशी काही बोलू नका, कशावर सही करू नका, दवाखान्याचा एकही कागद फेकू नका. व्हर्नाने ते अक्षरशः पाळलं. चर्चमध्ये लोक तिच्या बाकावर बसेनासे झाले. "आधी माफी मागायची, मग कोर्टात खेचायचं!" असं एक बाई मुद्दाम तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. व्हर्ना पुढच्या रविवारी सगळ्यांत पुढच्या बाकावर जाऊन बसली, प्लास्टरसकट.

खटला उभा राहिला. सुनावणीआधी कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीने खर्च भरायची तयारी दाखवली. अट एकच, चूक कुणाची हे तिने कुठेही बोलायचं नाही.

"मग नकोच," व्हर्ना म्हणाली. हॅचरबाईंनी हरण्याचा धोकाही समजावला. ती बधली नाही.

व्हर्ना साक्षीला उभी राहिल्यावर कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही सॉरी म्हणालात की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो. त्याची जखम दाबत होते, त्याला दुखत होतं. उद्या तुम्ही माझ्यासमोर धडपडलात तर तुम्हालाही म्हणेन. पण स्टॉपची पाटी त्याने जुमानली नाही, हेही म्हणेन."

ज्यूरीत कुणीतरी हसलं. मग कोडीला बोलावलं. त्याची नोकरी अजून गिरणीतच होती.

"पाटी दिसली होती का?" हॅचरबाईंनी विचारलं.

"दिसली होती," तो पुटपुटला. "ब्रेक उशिरा दाबला."

निकाल व्हर्नाच्या बाजूने लागला. मनगट मात्र पुरतं वळेना ते वळेनाच, आणि डेलमारच्या भावाने त्यांच्याकडे येणं सोडलं.

निकालाच्या दिवशी कोर्टातून आम्ही तिघं गावातल्या खाणावळीत गेलो. गिरणीची माणसं जेवत होती. सगळ्यांच्या माना वळल्या. मी कोपऱ्यातलं टेबल बघत होते, तोच डेलमारने ऐन मधल्या टेबलाची खुर्ची ओढली.

"इथे बस, व्हर्ना," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काय खाणार?"