ब्याण्णव किलो

आठव्यांदा गाडी स्पीडब्रेकरवरून घातली, तरी ती काही बोलेना.

कानसेननी काचा खाली घेतल्या, पंखा बंद केला, श्वास रोखून धरला. खिशातल्या किल्ल्या, चिल्लर सगळं आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. मागे एकदा कुणाच्या तरी गाडीतला खुळखुळाट शोधण्यात त्यांनी अख्खी सकाळ घालवली होती आणि खुळखुळत होती ती त्यांच्याच खिशातली काडेपेटी. हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. तसा किस्सा सांगायला ऐपत लागते. तीस वर्षं नुसत्या कानानं गाड्यांची दुखणी ओळखली की माणूस स्वतःला खुशाल हसू शकतो.

पण आज हसू येईना. गेल्या वर्षापासून डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती, चोवीस तास. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी सूनबाई म्हणायची, "बाबा, बातम्या आपल्याला ऐकायच्यात, अख्ख्या बिल्डिंगला नाही." तेव्हा ते टीव्हीवर खापर फोडायचे.

नवव्यांदा. काही नाही. म्हणजे एकतर आवाज नाही, नाहीतर आपला कान गेला.

गॅरेजात परत आले तेव्हा गाडी घेऊन आलेली बाई तशीच उभी होती. खुर्ची दिलेली, पण बसली नव्हती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"ताई, मला तर काही..."

"राहू द्या. पुढचं मला पाठ आहे." ती फटकन बोलली. "तीन गॅरेजवाल्यांनी हेच सांगितलं. दिरांनी तर मला शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवली. म्हणाले, वहिनी, आवाज गाडीत नाहीये." तिनं बोट कपाळाला लावलं. "रविवारी किल्ली न्यायला येणारेत. अशा मनानं गाडी चालवू नका म्हणतात. विकून टाकू म्हणतात. चांगल्यासाठीच म्हणतात, मला कळतं. पण मी वेडी नाहीये हो काका."

"कधीपासून येतो आवाज?"

"हे गेल्यापासून."

मालकाचा पोरगा, म्हणजे आता तोच मालक, मोबाइलमधून मान वर करून बघायला लागला. कानसेननी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"कसा येतो?"

बाईनं टेबलावर बोटाचं पेर आपटलं. टक् टक्. "स्पीडब्रेकर उतरला की. ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकात." मग जरा थांबून म्हणाली, "हे दार असंच वाजवायचे. बेल होती तरी."

मालक उठून कानसेनच्या जवळ आला. "काका, सोडा ना," तो पुटपुटला. "जरा ग्रीस मारा आणि झालं म्हणून सांगा. बरं वाटेल बिचारीला."

"तुझ्या बापानं असं कधी केलं नाही."

"बापाच्या वेळेला तुमचे कान पण तरुण होते."

कानसेनच्या डोक्यात तिडीक गेली. ते वळले आणि बाईला म्हणाले, "ताई, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

बाईनं सीट पुढे ओढली. आरसा आपल्या उंचीला आणला. कानसेननी मनातल्या मनात नोंद केली की आरसा अजून उंच माणसासाठी लावलेला होता. दर वेळी ती तो खाली आणत असणार आणि उतरताना परत होता तसा करत असणार. स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली.

टक् टक्.

कानसेनच्या दंडावर काटा आला. पहिल्यांदा जो विचार आला तो असा, की कान शाबूत आहे आपला. आणि पाठोपाठ त्यांना स्वतःची लाज वाटली, कारण शेजारी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आला ना?"

"आला."

"देवाशपथ?"

"दोनदा आला. लागोपाठ. दार ठोठावल्यासारखा."

तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. कानसेन खिडकीबाहेर बघत बसले. पत्र्याचं कुंपण, त्यावर वाळत घातलेली एक सतरंजी, सायकलवरून जाणारा कुणीतरी.

"आता उतरा. मी चालवतो, तुम्ही बाजूला बसा."

परत तोच स्पीडब्रेकर. काही नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दुपारचं चांगलं ऊन होतं, तरी कानसेनना मागच्या सीटकडे बघावंसं वाटेना. मग त्यांची नजर खाली गेली. त्यांचं पोट स्टिअरिंगला टेकलेलं होतं, नेहमीसारखं.

"ताई, ते तिघे गॅरेजवाले. अंगानं कसे होते?"

"म्हणजे?"

"जाडे?"

"असेच," ती अडखळली, "तुमच्यासारखे."

"आणि दीर?"

"ते तर..." तिनं दोन्ही हात बाजूला फाकवले, आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं. रडलेल्या तोंडानं हसली. पहिल्यांदाच.

कानसेननी गाडी तडक गॅरेजात घेतली, बोनेट उचललं आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या डोक्यावरची धूळ बोटानं पुसली. खाली पांढऱ्या रंगात आकडा होता. ९२. अक्षर त्यांचंच.

आणि सगळं लख्ख आठवलं. दोन वर्षांपूर्वी या बाईंचे साहेब आले होते. धिप्पाड, गडगडाटी. "माझ्या बाजूनं गाडी लंगडते हो, बायको हसते." म्हणून हे उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवायचं ठरलं. कानसेननी त्यांना मागच्या भंगाराच्या काट्यावर उभं केलं होतं, तेव्हा साहेब ओरडले होते, "किलोला काय भाव मिळेल माझा?" मग दोन तास ते ड्रायव्हर सीटवर पेपर वाचत बसले आणि कानसेन खाली आडवे पडून स्प्रिंगखालची चकती पान्यानं फिरवत राहिले. कारण असं काम रिकाम्या गाडीवर करायचं नसतं. ज्याची गाडी, त्याला बसवून करायचं.

"हा आकडा मी बघितलाय," बाई मागून म्हणाली. "मला वाटलं, कंपनीचा नंबर असेल."

"वजन आहे. साहेबांचं."

"ब्याण्णव?" तिनं कमरेवर हात ठेवले. "घरी ऐंशी सांगायचे! ऐंशी! रात्री एक पोळी कमी करा म्हटलं तर रुसून बसायचे, मी काही जाडा नाही म्हणून!"

"मला म्हणाले होते, बायकोला सांगू नका."

"आणि तुम्ही नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ती पुन्हा हसणार होती, पण तोंड मध्येच कुठेतरी अडलं.

कानसेननी तिला नीट समजावलं. साहेबांचं वजन पेलायला ही बाजू उचलून ठेवली होती. ते वजनच आता सीटवर नाही. जड माणूस बसला की सगळं ठीक. तुम्ही बसलात की ही बाजू नको तितकी वर राहते. स्पीडब्रेकर उतरला की चाक खाली लटकतं, शॉकअपमधला दांडा पार टोकापर्यंत ताणला जातो आणि आपटतो. चाक परत उसळतं, परत आपटतो. म्हणून दोनदा. "दिरांना इथे पाठवा. तुमच्या शेजारी बसवून ऐकवतो."

"म्हणजे गाडी अजून त्यांना धरूनच..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"काढून टाकू आवाज?"

एवढा वेळ ती आवाज घालवायलाच आली होती, पण पटकन हो म्हणाली नाही. पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. "नाही काढला तर?"

"आपटून आपटून शॉकअप फुटेल. रस्त्यात. तुम्ही एकट्या असाल."

"काढा."

काटा अजून तिथेच होता, गंजलेल्या सायलेन्सरांच्या शेजारी. "माझं बावन्न आहे," ती चढता चढता म्हणाली. काटा हलला, डुलला आणि चव्वेचाळीसवर थांबला. दोघंही आकड्याकडे बघत राहिले. मालकानं मोबाइल खिशात घातला आणि काहीतरी काम असल्यासारखा बाहेर निघून गेला.

"काटा बरोबर आहे का हो तुमचा?"

"भंगाराचा काटा आहे, ताई. त्याचं काय मनावर घ्यायचं?" कानसेन म्हणाले. "मी पन्नासचं लावतो. भरून येईल हळूहळू."

ती सीटवर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ, फोटोला बसल्यासारखी. कानसेन खाली आडवे झाले आणि पाना लावला. चकती धुळीनं घट्ट बसलेली, कुरकुरत सुटली. एक फेरा. दोन. दर फेऱ्याला गाडी तिच्या बाजूनं केसभर खाली येत होती. वरून आवाज आला, "हे इथंच बसले होते? दोन तास?"

"पेपर वाचत."

"पेपर कसले वाचतायत. झोपले असतील."

"घोरत होते," कानसेननी खालून कबूल केलं.

काम संपल्यावर त्यांनी पेट्रोलचं फडकं घेतलं आणि बोनेटखाली वाकले. "पुसू नका," बाई म्हणाली. मग त्यांनी ब्याण्णवच्या खाली, जरा लहान अक्षरात, ५० लिहिलं आणि रंग वाळेपर्यंत बोनेट उघडं ठेवलं.

ती निघाली तेव्हा कानसेन फाटकात जाऊन उभे राहिले. मालकही शेजारी आला. गाडी स्पीडब्रेकरवर चढली. उतरली. काही ऐकू आलं नाही, नुसती कानातली शिट्टी.

गाडी थांबली. मागचे दिवे लाल झाले, मग पांढरे. ती हळूहळू मागे आली, स्पीडब्रेकरच्या अलीकडे, आणि पुन्हा एकदा त्यावरून गेली. आणखी सावकाश. मग परत मागे.

"काय झालं काका? अजून येतोय का आवाज?"

"नाही," कानसेन म्हणाले. "नाही येत."

तिसऱ्यांदा गाडी उतरून पलीकडे थांबली. काच खाली आलेली होती. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, इंजिन बंद करून.