निवृत्ती एकटा

निवृत्ती गिटार घेऊन उभा राहिला की लोक आधी त्याचं जाकीट बघत. बघणारच. त्यावर हजारो टिकल्या होत्या, आणि त्यातली एकेक त्याच्या आईनं, तानुबाईनं, मखमलाबादच्या मळ्यात गुलाबाच्या जुड्या बांधून झाल्यावर हातानं टाचलेली होती. वर चंदेरी बूट, डोळ्यांत काजळ, खांद्यावर रुळणारे केस. नाशकातल्या हळदीत त्याच्या ऑर्केस्ट्राला मागणी होती ती या थाटामुळे. पोरं त्याला 'चमको' म्हणत. एरवी हाच गडी सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर राबायचा आणि तिथंच खोली घेऊन राहायचा.

वाहवा होते ती जाकिटाची, आपल्या हाताची नाही, हे त्याला फार लागायचं. म्हणून सत्त्याण्णव साली त्यानं आपली लूना गाडी विकून टाकली आणि त्या पैशांत स्वतःची पहिली कॅसेट काढली. 'निवृत्ती एकटा'. गायक नाही, ढोलकी नाही, नुसती गिटार. जाकीट न बघता आपल्याला कुणी ऐकतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आईला मात्र त्यानं यातलं काही सांगितलं नाही. जिनं टिकल्या टाचून डोळे फोडून घेतले, तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

पंधरा दिवसांनी पंचवटीतल्या मोतीराम कॅसेटवाल्याचा निरोप आला. निवृत्ती हुरळून धावला. काउंटरवर त्याच्या नऊ कॅसेटी रचून ठेवल्या होत्या.

"दहा खपल्या, नऊ परत आल्या," मोतीराम म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब हे. गाणं भरायचंच राहिलं."

"मोतीरामभाऊ, गाणं नाहीच त्यात. गिटारच आहे."

"मला कळतं रे. त्यांना कोण सांगणार? एक बाई तर दोन्ही बाजू संपेपर्यंत गाणं लागायची वाट बघत बसली."

निवृत्तीला हसावं की रडावं कळेना. जाता जाता त्यानं विचारलं, "आणि दहावी?"

"ती नाय आली. फुलांची पाटी घेतलेली म्हातारी होती. कव्हरावरचा फोटो बघून घेऊन गेली."

निवृत्तीनं तडक मखमलाबादची रिक्षा धरली. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली तानुबाई जुड्या बांधत बसली होती, आणि शेजारी टेपवर त्याचीच गिटार वाजत होती. तो मान खाली घालून समोर बसला.

"साध्या शर्टावर फोटो काढला," ती म्हणाली. "बरा दिसतो."

"आई, तुला राग नाही आला?"

"टिकल्यांचं काय घेऊन बसला? ते राहू दे. हात दाव."

"कशाला?"

"डावा. करंगळी."

निवृत्ती चपापला. रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी ती करंगळी मशीनखाली सापडली होती. टाके पडले होते. जखम भरेपर्यंत तो जास्तीच्या शिफ्टचं निमित्त करून घरी फिरकला नव्हता. स्टुडिओवाल्यालाही कळू न देता त्यानं पहिली बाजू तशीच वाजवली होती; दुसरी मात्र टाके निघाल्यावर.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? तिसऱ्या गाण्यात लंगडतं ना ते बोट. रोज ऐकते मी. तिथं आलं की माझाच जीव कळवळतो."

निवृत्तीनं हात पुढं केला. तानुबाईनं काट्यांनी खरखरीत झालेल्या बोटांनी व्रण चाचपला, मग टेपकडे हनुवटीनं खूण केली.

"आता दुसरी बाजू लाव," ती म्हणाली. "तिच्यात दुखत नाय तुला."