मलप्पा शेटीची ओळ

मुजफ्फर मास्तरांनी एकतीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला आणि निवृत्त होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच सरपंचकीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधलं. गादीचा नाद माणसाचं काय करतो हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

गाव जळकोटच्या फाट्यावरून आत. गावाला एक पीर आहे आणि पीराच्या दर्ग्यात एक जुना फारसी कागद. उरसाच्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तो सगळ्या गावासमोर वाचायचा आणि मग त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, हा मास्तरांच्या घराण्याचा मान. फारसी गावात दुसऱ्या कुणालाच येत नाही. आधी अब्बा वाचत, त्यांच्यानंतर मास्तर.

मास्तर अर्थ सांगायचे तो असा. विजापूरचा बादशहा नळदुर्गचा किल्ला घ्यायला निघाला, तेव्हा त्याचा तळ इथं पडला. लढाई दीनासाठी, म्हणजे धर्मासाठी आहे म्हणून त्यानं पीराकडं दुआ मागितली. पीरानं विचारलं, "किल्ल्यात जो बसलाय तो कुठली नमाज पढतो?" किल्ल्यात बसला होता अहमदनगरचा बादशहा. तोही त्याच अल्लाचा बंदा. पण त्यानं लढाई काही थांबली नाही. फौजेनं उभी पिकं कापून नेली, मुलुख उपाशी पडला. तेव्हा मलप्पा शेटी नावाच्या वाण्यानं आपलं ज्वारीचं पेव उघडलं आणि पीरानं त्या धान्यावर गाव जगवलं. पुढं बादशहानं दर्ग्याच्या दिव्यासाठी जमीन लावून दिली. कागदाच्या वरच्या ओळींत त्यानं आपण दीनाची सेवा कशी केली ते लिहिलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं की दिव्याचं तेल मलप्पा शेटीच्याच घरचं असावं. मास्तर दरवर्षी म्हणायचे, "वरच्या ओळींत बादशहाची हाव आहे. धर्म खालच्या ओळीत आहे." लोक माना डोलवायचे.

मलप्पाच्या वंशातले शांतलिंगअप्पा. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात लिंग, बाजारपेठेत किराणा दुकान. दर उरसाला ते करडीच्या तेलाची पितळी लोटी घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. मलप्पाचं नाव आलं की उठायचे, दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर, फकीर, दिव्यावरचं झाकण काढायचा आणि अप्पा तेल ओतायचे. फारसीतलं एवढं एक नाव सगळ्या गावाला कळायचं.

यंदा सरपंचकीला मास्तरांसमोर उभा होता गौरीशंकर, अप्पांचा सख्खा पुतण्या.

मास्तरांचा प्रचार त्यांचा भाचा फिरोज बघत होता. उरसाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "मामू, भर उरसात त्यांच्या घराण्याचं नाव घेणार? मग गौरीशंकरचं पत्रकच वाटा की. आन् ते नमाजचं कशाला सांगता दरवर्षी? पोरांना आपला बादशहा दीनासाठी लढलेला पायजे."

मास्तर त्याच्यावर चिडले. पण चिडणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. रात्रभर ते कूस बदलत राहिले आणि सकाळी उठून त्यांनी स्वतःला समजावलं की एका वर्षानं काय होतंय.

दुपारी दर्ग्याचं अंगण भरलं. मास्तरांनी कागद उलगडला. वरच्या ओळी वाचल्या, चांगल्या खड्या आवाजात. शेवटची ओळ आली आणि त्यांनी कागदाची घडी घातली. मग सांगितलं की बादशहा दीनासाठी लढला, पीरानं त्याला दुआ दिली आणि त्या दुआनं किल्ला पडला. मागं उभ्या असलेल्या तरण्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

अप्पा लोटी धरून बसले होते. नाव येणार म्हणून ते अर्धवट उठले होते, तसेच पुन्हा खाली बसले. फकीर झाकणावर हात ठेवून मास्तरांकडं बघत राहिला. मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं नाही. मग फिरोजनंच पिशवीतून तेलाची बाटली काढून पुढं केली आणि दिवा लागला. गर्दी सरबत प्यायला पांगली तेव्हा मास्तरांनी वळून बघितलं. अप्पा दोन्ही हातांनी लोटी सांभाळत, तेल सांडणार नाही अशा बेतानं, घराकडं चालले होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोक हार घालायला आले होते, तेव्हा त्यांनी मान पुढं केली. तेही केलंच त्यांनी.

घरी पत्नी शरिफाबींनी ताट वाढलं आणि एवढंच म्हणाल्या, "वो कागज तुमारा नै था जी. पीराँ का था." पुढं दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मास्तर प्रचाराला बाहेर पडत, पण बाजारपेठेचा रस्ता टाळून मागच्या गल्लीनं जात. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. मास्तरांना ती होती, तिनंच त्यांना भाकरी गिळू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अप्पांच्या दुकानात गेले. अप्पांनी नेहमीसारखी पुढ्यातली खुर्ची पुसून दिली आणि आत हाक मारली. अप्पांच्या पत्नी प्रेमाबाई चहा घेऊन आल्या. शरिफाबींची गुडघेदुखी कशी आहे ते त्यांनी विचारलं आणि आत गेल्या. तेवढ्यानं मास्तरांचा धीर सुटला. खरं सांगायला आलेला माणूस खोटं बोलून बसला.

"अप्पा, त्या दिवशी... कागद घडीवर फाटलाय. शेवटची ओळ लागलीच नाही बघा."

 अप्पांनी डोळे मिटले आणि दुकानात बसल्या बसल्या, कानडी वळणाच्या आवाजात म्हणू लागले, "रोगन-ए-चिराग अज खाना-ए-मलप्पा शेटी..." पूर्ण ओळ. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. जिथं अब्बा श्वास घ्यायचे तिथं अप्पांनीही श्वास घेतला.

"साठ वर्सं ऐकतोय, मास्तर. अर्थ मला येत न्हाय, पर पाठ हाय." त्यांनी गल्ल्यातून पेन काढलं, बिलाच्या पुस्तकाचं एक पान फाडलं आणि दोन्ही मास्तरांसमोर ठेवलं. "फाटला असंल तर लिवून घ्या. म्या सांगतो हळूहळू. मी आता किती दिवसांचा? पुढच्या पोरांना ऱ्हायला पायजे."

मास्तरांनी पेन उचललं. 'रोगन' लिहिलं, 'चिराग' लिहिलं. मलप्पाच्या नावापाशी हात थांबला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, साठाव्या वर्षी, गिऱ्हाईक दारात उभं असताना.

"अप्पा, कागद फाटलेला नाही."

"म्हाईत हाय."

"मग तिथंच उठून बोलला का नाहीत? सगळं गाव होतं."

"म्हणून तर न्हाय बोललो." अप्पांनी गिऱ्हाइकाला साखर बांधून दिली, ते गेल्यावर पुढं बोलले. "मला त्या पहिल्या रांगंत तुमच्या अब्बांनी बसवलं. त्यांच्या पोराचा पाणउतारा म्या करू? त्यापरीस तेल माघारी आणलं. तसंच ठिवलंय. पीराच्या नावानं काढलेलं, घरात वापरता येत न्हाय."

मास्तरांनी बादशहांना एकतीस वर्षं नावं ठेवली होती, की देवाला पुढं करून गादीवर डोळा ठेवतात. पण त्या बादशहानं निदान शेवटची ओळ लिहिली होती. ती खोडायला मास्तर लागले. हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं आणि कुठं तोंड लपवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी जुम्मेरात होती, गुरुवार. अस्रच्या, दिवस कलतानाच्या नमाजानंतर दर्ग्यात माणसं जमतात. मास्तरांनी फकीरला सांगून कागद बाहेर काढायला लावला. "उरसाला मी शेवटची ओळ मुद्दाम गाळली," ते म्हणाले. "मतांसाठी. अर्थही खोटा सांगितला. आज पूर्ण वाचतो." फिरोज तिथून उठून गेला, त्याच्यामागं बरीचशी पोरं गेली. मास्तरांनी वाचलं. आवाज खडा नव्हता, पण मलप्पाचं नाव सगळ्यांना ऐकू गेलं.

मास्तरांनी बोलावल्यावरून लोटी घेऊन आलेले अप्पा उठले. फकीरनं झाकण काढलं. अप्पांनी उरसाला माघारी नेलेलं तेच तेल दिव्यात ओतलं. ओतून झाल्यावर ते मास्तरांच्या शेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "मत मात्र गौऱ्याला हाय बरं का. पुतण्या हाय."

"द्या की, अप्पा," मास्तर म्हणाले.

निवडणुकीत मास्तर सपशेल पडले. लोक सांत्वनाला आले, तेव्हा मास्तरांना त्या हरण्याची जराही लाज वाटली नाही. लाज वाटते ती दरवर्षी उरसाला. मलप्पाचं नाव आलं की शांतलिंगअप्पा लोटी घेऊन उठतातच, पण नाव अजून चार शब्द लांब असतं तेव्हाच, यंदा येतंय ना नाव, अशा नजरेनं एकदा मास्तरांच्या तोंडाकडं बघतात. आधी ते कधी बघत नसत.