माझ्या मानेतला तुटका दात

मी एक जुना टेबलपंखा आहे, मित्रांनो. माझा रंग उडालाय, जाळी दोन ठिकाणी तारेने बांधलीय, पण मान फिरवायची खोड काही गेलेली नाही. मी किती गार वारा दिला वगैरे फुशारकी मारणार नाही. मला एक आवाज होता आणि तो गेला, एवढंच मला सांगायचंय.

खरं म्हणजे मी कारखान्यातून निघालो तेव्हा मुका होतो. तिथल्या तपासनिसाने कान लावून पाहिलं, काहीच ऐकू आलं नाही, म्हणून खूश होऊन माझ्या पाठीवर शिक्का मारला. या घरात आलो तेव्हा इथे आई, बाबा आणि रांगणारी थोरली, एवढी माणसं होती. थोरलीने उभं राहायला शिकताना माझा आधार घेतला आणि आम्ही दोघं धाडकन आडवे झालो. तिला टेंगूळ आलं आणि माझ्या मानेतल्या चाकाचा एक दात तुटला. तेव्हापासून माझी मान उजव्या टोकाला गेली की 'कट्' असा आवाज व्हायचा. बाबा म्हणायचे, दुरुस्त करू. ते 'करू' सात वर्षं चाललं.

मधल्या काळात धाकटी जन्मली. आजीने तिला लाडाने मैना म्हणायला सुरुवात केली आणि मैना बोललीच नाही. तीन वर्षांची झाली तरी हाक मारली तर वळेना, कुणाच्या डोळ्यांत बघेना. पण माझ्यासमोर मांडी घालून तासन्‌तास बसायची. माझी मान उजवीकडे निघाली की तिचं बोट हवेत उठायचं आणि 'कट्' झालं की नेमकं त्याच क्षणी फरशीवर टेकायचं. मग ती हसायची. माझ्या खोटीवर जीव लावणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

घराची मात्र दैना चालली होती. आईने शिवणाच्या दुकानातली नोकरी सोडली. बाबांनी लग्नकार्याला जाणं बंद केलं, कारण मैनाने भर मांडवात कान झाकून किंचाळायला सुरुवात केली की लोक म्हणायचे, मुलीला वळणच लावलं नाही. थोरली जिन्यात बसून अभ्यास करायची. मैत्रिणींना घरी आणणं तिने सोडलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मैनाला स्वमग्नता आहे, म्हणजेच ऑटिझम. हा कुणाचा दोष नाही, आईबाबांच्या वागण्याने होत नाही, आणि औषधाने बरा होणारा आजारही नाही. तिला आवाज आपल्यापेक्षा जास्त टोचतात, म्हणून घरात खडखडाट कमी ठेवा. पण तिच्या आवडीच्या, नेहमीच्या गोष्टी बदलू नका, त्यांच्यावर ती टेकून उभी आहे. बाई बरंच काही बोलल्या. बाबांनी त्यातला खडखडाट तेवढा लक्षात ठेवला.

बाबांना घरातला खडखडाट मीच वाटलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बगलेत मारून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. लेकीसाठी काहीतरी करतोय म्हणून बिचारे शीळ घालत चालले होते. नवं चाक बसलं, तेल घातलं. घरी आल्यावर त्यांनी मला मैनासमोर ठेवलं आणि अभिमानाने चालू केलं.

माझी मान उजवीकडे गेली. मैनाचं बोट उठलं. मी टोकाला पोहोचलो आणि गुपचूप परत फिरलो. तिचं बोट हवेतच राहिलं.

ती किंकाळी मी जन्मात विसरणार नाही. मैना भिंतीवर कपाळ आपटायला लागली. रोज, सकाळ-संध्याकाळ. आई भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात धरायची, तो काळानिळा पडला. कुणी म्हणालं दात येत असतील, कुणी म्हणालं कान दुखत असेल. डॉक्टरीणबाईंची पुढची तारीख दोन महिन्यांनी होती. मला पाहिलं की ती जास्तच बिथरते, एवढं मात्र बाबांना कळलं आणि त्यांनी मला माळ्यावर टाकलं.

तिथे धुळीत पडून असताना एका दुपारी मला खाली माझाच आवाज ऐकू आला. कट्. मग तेवढाच वेळ शांतता, आणि पुन्हा कट्. मी तर वर बंद पडलेला आणि माझा आवाज खोलीत फिरतोय! माझी पाती थिजली. मग कळलं, मैना जिभेने तो आवाज काढत होती. मला हाक मारत होती. मित्रांनो, मला ओ देता येत नव्हती हो.

घरच्यांना वाटलं, हे नवीनच खूळ. आई थकून अर्धी झाली होती. काकांनी लांबच्या एका निवासी शाळेचे कागद आणले, बाबांनी सही केली. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मैना गेली त्या दिवशी कट्, कट् करत जिना उतरल्याचं मी वरून ऐकलं.

चार महिन्यांनी उकाडा वाढला म्हणून मला खाली काढलं. आई भाजी चिरत होती, बाबा पेपर वाचत होते. माझी मान टोकाला गेली की आईची सुरी थांबायची, बाबांची नजर पेपरावरून उठायची. कशाची वाट बघतोय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. थोरली वहीत डोकं घालून बसली होती. तिच्या तोंडून नकळत निघालं, "कट्."

सगळे दचकले. थोरली पांढरीफटक पडली.

"आई, मैना हेच करायची ना? अगं, ती पंखा मागत होती."

बाबा तसेच मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावले. जुनं चाक केव्हाच भंगारात गेलं होतं. लोक आवाज घालवायला येतात, परत मागायला तुम्हीच पहिले आलात, असं म्हणून तो हसला आणि बाबांचं तोंड पाहून गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी बाबा मला मांडीवर घेऊन बसने त्या शाळेत गेले. तिथल्या सांभाळणाऱ्या बाई मायाळू होत्या, कौतुकाने सांगत होत्या.

"आली तेव्हा सारखं कट् कट् चालायचं. आता तोंडातून चकार शब्द नाही. शहाणी झाली हो तुमची मुलगी."

बाबा मला उचलून थेट मैनाकडे निघाले.

मैना खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाबांनी मला तिच्याजवळ ठेवून चालू केलं आणि स्वतः खाली बसले. पहिल्या फेरीला ती वळली. दुसऱ्या फेरीला तिचं बोट उठलं. मी टोकाला गेलो आणि बाबा म्हणाले, "कट्." जरा उशीर झाला. बोट हवेतच राहिलं. पुढच्या फेरीला बाबांनी माझ्या मानेवर नजर रोखली आणि वेळ बरोबर साधली.

बोट फरशीवर टेकलं. ती हसली नाही. बाबा मात्र ढसाढसा रडले आणि त्याच दिवशी तिला घरी घेऊन आले.

त्याला आता सहा वर्षं झाली. मैना चित्रं दाखवून पाणी मागते, भूक सांगते. थोरलीचा अभ्यास जिन्यात नाही, माझ्या वाऱ्यात चालतो, आणि आई रोज तासभर फक्त थोरलीसाठी ठेवते. घरात सगळे आळीपाळीने माझ्या वतीने कट् म्हणतात. पाहुणे हसले तर हसोत. फक्त मैनाने तो आवाज पुन्हा कधीही काढला नाही. मी रोज उजव्या टोकाला जातो तेव्हा वाटतं, या खेपेला येईल.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या शेजारी एखादं मूल तेच तेच करत असेल, तर त्याचा हात धरून थांबवू नका, वेडं म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि ते काय ऐकतंय ते ऐका. आमच्या घरानेही ऐकलं, पण ती गप्प झाल्यावर.