रस्त्यावरून दिसते तेवढेच

कचेरीत गेल्यावर ‘साहेब जागेवर नाहीत’ हे उत्तर आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. पण जुन्या इमारतींचे जतन करणाऱ्या विभागातले हे साहेब नेहमी जागेवर असत, आणि तेच तर दुखणे होते. जुन्या घराच्या मालकाला अंगणाला कुंपण घालायचे असो, फाटक बदलायचे असो की परसातले झाड तोडायचे असो, अर्ज यांच्याच टेबलावर यायचा. बहुतेक अर्जांवर ‘हरकत आहे’ असा शेरा पडे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हरकतराव म्हणत. हे नाव त्यांच्याही कानावर आले होते. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते.

माणूस तसा वाईट नव्हता. हाताखालच्यांवर कधी डाफरला नाही, कुणाच्या कपभर चहाचाही मिंधा नाही. नोकरीच्या सुरुवातीला तर ते घराघरांत शिरून दगड, चौकटी हात लावून बघत, माणसांशी बोलत बसत. पण जो तो आपलेच रडगाणे गाणार, आणि यांनी किती ऐकायचे? कान किटले, आणि केव्हातरी आतले काहीतरी बधिर होऊन गेले. घरी बायको म्हणे, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेले बरे, निदान आवाज तरी घुमतो. त्यावर ते ‘हं’ म्हणत आणि जेवत राहत.

पाहणीची त्यांची पद्धत ठरलेली होती. रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, घराचा फोटो काढायचा आणि परतायचे. रस्त्यावरून दिसते त्यात बदल नको, दिसत नाही त्याला हरकत नाही. आत जाऊन बघा, असे नियमात लिहिले होते, पण फोटोवर काम भागत होते. त्यामुळे एका घरामागची जुनी फरसबंदी उखडून तिथे सिमेंट ओतले गेले, दुसऱ्याचे डेरेदार झाड आडवे झाले, तरी कागदोपत्री सारे आलबेल होते.

अशाच जुन्या घरांच्या एका गल्लीत एक मास्तर आणि त्यांची बायको राहत. मास्तरांनी जन्मभर गणित शिकवले, आणि आता त्यांना बायकोचे नावही आठवत नव्हते. घरापुढची भिंत घडीव दगडाची, जेमतेम गुडघ्याएवढी. ती ओलांडून मास्तर रस्त्यावर उतरत आणि वाट फुटेल तिकडे चालू लागत. एकदा तर एका बस ड्रायव्हरने त्यांना हाताला धरून घरी आणून सोडले होते. म्हणून बाईंनी पुढे गजांचे कुंपण घालायची परवानगी मागितली. शेरा आला, रस्त्यावरून दिसते, हरकत आहे. बाईंनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच.

मग बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली आणि तिला डब्यांची झाकणे लटकवली. मास्तर दोरीशी आले की अडत, झाकणे वाजत, आणि बाई हातातले काम टाकून धावत. शेजाऱ्यांना काही तो खडखडाट सोसवेना. विनापरवाना कुंपण घातले आहे, अशी तक्रार कचेरीत आली आणि हरकतराव पाहणीला निघाले.

तक्रारीच्या फाइलला दोन फोटो लागत. एक बेकायदा बांधकामासकट, दुसरा ते काढल्यावरचा. दोरीला बांधकाम म्हणायचे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पहिला फोटो काढून ते फाटकाशी आले. दोरी उतरवावी लागेल, असे त्यांनी बाईंना सांगितले. ओसरीवर मास्तर खुर्चीत बसले होते, आत दूध तापत होते.

“जरा थांबा साहेब, दोरीला हात लावू नका,” बाई म्हणाल्या. “गॅस बंद करते, यांना आत नेऊन बसवते, मग काय ते करा.”

त्या आत गेल्या. हरकतराव थांबले नाहीत. यात राग नव्हता, अरेरावीही नव्हती, फक्त सवय होती. त्यांनी गाठ सोडली, दोरी कडेला ठेवली, रस्ता ओलांडला आणि नेहमीच्या अंतरावरून मोबाइल डोळ्यांपुढे धरला. आता भिंत कशी स्वच्छ दिसत होती.

मोबाइलच्या पडद्यावर मास्तर खुर्चीतून उठले. हळूहळू पायऱ्या उतरले, अंगण ओलांडून भिंतीपाशी आले. फोटोत माणूस येतोय, एवढेच हरकतरावांच्या मनात आले. मास्तरांनी भिंतीपलीकडे एक पाय टाकला, मग दुसरा. ते रस्त्यात आले, आणि डावीकडून टेम्पो आला!

ब्रेक किंचाळले. हरकतराव कसे धावले, मोबाइल कुठे पडला, त्यांचे त्यांनाच कळले नाही. टेम्पो हातभर अंतरावर थांबला होता. मास्तर गुडघ्यावर पडले होते आणि पायजमा रक्ताने भिजत होता. हरकतरावांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून उठवले. मास्तरांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले.

“अहो, बाहेर का उभे?” ते म्हणाले. “कधीचा बघतोय. आत या ना.”

घरासमोर कुणी ताटकळत उभे आहे, म्हणून त्याला बोलवायला म्हातारा रस्त्यात उतरला होता! रस्त्यापलीकडून फोटो काढत इतकी वर्षे हरकतराव दारोदार हिंडले, पण असे त्यांना कुणी म्हटले नव्हते, आणि म्हटले असते तरी ते गेले नसते. त्यांना भीती वाटत होती, लाज वाटत होती. काही वाटण्याची सवयच मोडली होती, त्यामुळे ते सहन होईना.

ब्रेकच्या आवाजाने बाई धावत बाहेर आल्या, आणि दोघांनी मिळून मास्तरांना ओसरीवर आणले. बाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर हरकतरावांना बरे वाटले असते.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले.

“गल्ली अशी मोकळी राहिली ती तुमच्या नियमामुळेच, ते मला कळतं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर ज्याने त्याने डोक्याएवढ्या भिंती चढवल्या असत्या. मला ही भिंत पाडायचीही नाही, वाढवायचीही नाही. पण साहेब, घर जपायचं आणि घरातलं माणूस रस्त्यावर सोडायचं, याला जपणं म्हणतात का? आत येऊन एकदा बघितलं असतंत, तर आपण दोघांनी मिळून काहीतरी मार्ग काढला असता.”

मार्ग तर होताच. भिंतीला धक्का न लावता, अंगणातल्या झुडपांच्या आतल्या बाजूने, नंतर काढून घेता येईल असे तात्पुरते कुंपण. ते मंजूर करायला हरकतरावांची एकट्याची सही पुरत होती. हे त्यांना पहिल्या अर्जाच्या वेळीही माहीत होते, फक्त अंगणात त्याला जागा आहे का, हे आत येऊन पाहिले नव्हते. त्यांनी अंगणात उतरून जागा मोजली, ओसरीच्या पायरीवर बसून मंजुरी लिहायला घेतली, आणि एका ओळीशी अडले. तात्पुरत्या कामाची मुदत लिहावी लागते.

“मुदत काय लिहू?” त्यांनी विचारले.

बाई मास्तरांच्या पायावरची पट्टी सारखी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हे आहेत तोवर,” त्या म्हणाल्या. “मग कुणाला अडवायचंय?”

हरकतरावांनी तसेच लिहिले. सही करताना अक्षरे दिसेनात, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

मंडळी, जुनी घरे जपायलाच हवीत, आणि त्यासाठी परवानगीही मागायलाच हवी. आपले घर म्हणून कसेही कुंपण ठोकणारा जितका चुकतो, तितकाच रस्त्यावरून बघून हो किंवा नाही म्हणणाराही चुकतो. नियम ज्याच्या हाती आहे त्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले पाहिजे. आत कोण राहते हे पाहिल्याशिवाय घर पाहिले असे होत नाही.

हरकतराव आता प्रत्येक घरात आत जातात. वेळ फार लागतो आणि फायली साचतात, म्हणून वरिष्ठांची बोलणीही खातात. त्यातल्या एकाही बोलण्याला त्यांनी अजून नुसते ‘हं’ म्हटलेले नाही, त्या घरात कोण राहते ते सांगितले आहे.